बसणे आणि बसवणे

भाषांतर करताना अवघड इंग्रजी शब्द फारसे छळत नाहीत. ते कोशात सापडतात आणि एकदा सापडले की गप्प राहतात. छळतात ती ‘सेट’सारखी चिमुकली क्रियापदे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिले आहेत. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकले म्हणतात, पण माझा राग ‘सेट’वरच.

मूळ पाहिले तेव्हा गुंता बराच सैल झाला. ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप. जुन्या इंग्रजीत सित्तान म्हणजे बसणे आणि सेत्तान म्हणजे बसवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ही जोडीही त्याच घडणीची. इंग्रजीत ही सोय केव्हाच बंद पडली, मोजक्या जोड्या उरल्या. आपल्याकडे मात्र पडणे-पाडणे, मरणे-मारणे बिनबोभाट चालू आहे, आणि ‘वणे’ तर कशालाही जोडता येते.

गंमत अशी, की मराठी ‘बसणे’ (जुने ‘बैसणे’) आले संस्कृत उपविश्‌वरून. ‘सिट-सेट’चे सख्खे भावंड संस्कृतात सद् आहे. ते आपल्याकडे सदन, परिषद, उपनिषद यांत नांदते, रोजच्या बसण्याउठण्यात नाही.

म्हणून मी आधी ‘बसवणे’ लावून पाहतो. हाडवैद्य हाड बसवतो, सोनार अंगठीत खडा बसवतो, इथवर ठीक. मग ते अडते आणि ‘लावणे’ धावून येते: गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे. दही, कुकर, दिवा, सूर, सगळे लावणारी आपली भाषा. एखाद्या इंग्रज भाषांतरकाराला ‘लावणे’ असेच रडवत असणार. छापखान्यात मात्र दोन्ही चालत नाहीत. तिथे जुळारी खिळे जुळवायचा. प्रश्नपत्रिका तर आपण चक्क काढतो.

कादंबरी लंडनमध्ये ‘सेट’ केलेली असते तेव्हा हमखास ‘पार्श्वभूमी लाभली आहे’ असले काहीतरी वाचायला मिळते. ती लंडनमध्ये घडते, एवढे पुरे. सूर्य ‘सेट’ होतो तिथे प्रयोजकपणा मागेच गळून पडलेला, त्यामुळे तो नुसता मावळतो. आणि कपबश्यांच्या ‘सेट’ला हे काहीच लागू नाही. समूह या अर्थाचे ते नाम मुळात लॅटिन ‘सेक्ता’पासून फ्रेंचमार्गे आले, ‘सेक्ट’, म्हणजे पंथ, त्याचा भाऊबंद. इंग्रजीत मग दोघांची सरमिसळ झाली.

आता ‘मुलगा पुण्यात सेट झालाय’ हे मराठीच झाले आहे. संवादात मी ते तसेच ठेवतो. निवेदनात त्याचा ‘जम बसला’ असे लिहितो.