एका अक्षराची अडचण

१९९८ सालची गोष्ट. कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळाजवळ राहणाऱ्या अप्पांना बेल्जियमहून मुलाचे पत्र आले. खुशालीच्या चार ओळी तमिळमध्ये आणि उरलेले पानभर नुसती इंग्रजी अक्षरे, आकडे नि तिरक्या रेघा! लूव्हनच्या विद्यापीठात शिकायला जाताना मुलगा आपला जुना संगणक घरी ठेवून गेला होता. त्यावर विंडोज नव्हते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले, फुकट मिळणारे लिनक्स होते.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांना खुले केले, त्या पहिल्या शहरांत मद्रासही होते. अप्पांनी तिथले खाते घेतले. पण सोबतच्या पुस्तिकेत लिनक्सचे नावही नव्हते. मुलाची तिकडे तीच गत. पुस्तिका डच आणि फ्रेंच अशा दोन भाषांत, पण दोन्हींत विंडोजच! अखेर स्वतः खटपट करून त्याने जोडणी जमवली आणि अप्पांसाठी तशीच टिपणे लिहून धाडली.

अप्पा बँकेतले निवृत्त कारकून. त्यांनी अक्षर न् अक्षर उतरवले. विंडोज ज्या पोर्टला दोन म्हणते त्याला लिनक्स एक म्हणते, कारण त्याची मोजणी शून्यापासून. हे मुलाने लाल शाईत लिहिले होते, म्हणून निभावले. अडले ते वेगळ्याच जागी. पलीकडचा संगणक 'लॉगिन' असे विचारतो, मग आपल्या संगणकाने नाव सांगायचे. पत्रात मात्र 'ओगिन' होते. घाईत 'एल' राहिला असणार, असे समजून अप्पांनी तो घातला, तोही मोठ्या लिपीतला.

चार रात्री फुकट गेल्या. एसटीडीचा पाव दर अकरानंतर, म्हणून तोवर जागायचे. मोडेमची किरकिर ऐकायची. पलीकडून उत्तर यायचे आणि पाऊण मिनिटाने सारे बंद! पाचव्या रात्री त्यांनी 'एल' खोडला. पलीकडे ते अक्षर कुठे मोठे असते, कुठे लहान. म्हणून जाणकार ते मुद्दामच गाळतात. दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करायची बँकेतली सवय, दुसरे काय!

त्या रात्री मुलाचा निरोप पडद्यावर उमटला.

व्यंकोजीराजांपासून तंजावर मुलुखात राहिलेल्या या घरांत बोलणे मराठी, लिहिणे तमिळ. मुलाची सारी पत्रे तमिळमध्येच येत. पण संगणकावर तमिळ अक्षरे नव्हती. मग तमिळच कशाला, असे त्याला वाटले असावे. इंग्रजी अक्षरांत त्याने घरचे मराठी लिहिले होते. आईचे जेवण झाले का, गुडघा कसा आहे, तिकडच्या कॉफीला चव नाही.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हते. अप्पांनी मोठ्याने वाचले. ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"अहो, हा तर बोलतो तसेच लिहितोय! परत वाचा."

अप्पांनी घड्याळाकडे पाहिले, आधी फोन तोडला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.