तार तपासणारा नातू



माझा नातू पुण्यात संगणकांच्या जाळ्याचे, म्हणजे नेटवर्कचे काम करतो. हुद्दा टेक्निकल सपोर्ट इंजिनिअर. पाहुण्यांनी विचारले की आमचे जावई आवाज खाली करून सांगतात, "फोनवर तक्रारी ऐकतो." या रात्रपाळीच्या नोकरीपायी दोन स्थळे माघारी गेली. नातूही मध्यंतरी म्हणाला, "आजोबा, सोडून द्यावे म्हणतो." मी जन्मभर कीर्तनात उभा राहून लोकांना ऐकवले. ऐकून घेण्याचे काम कसे असते, ते मात्र त्याच्याकडून समजून घेतले.

संगणकाचा निरोप अखंड जात नाही. त्याचे लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर धाडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेवरचे राउटर तो वाचून पॅकेट पुढच्या मुक्कामी धाडतात. शिवाय निघतानाच पॅकेटला एक आकडा मिळतो. दर राउटरपाशी त्यातून एक वजा होतो आणि शून्य झाले की पॅकेट तिथेच संपते. नाहीतर वाट चुकलेली पॅकेटे फिरतच राहतील. चौऱ्याऐंशीच्या फेऱ्यातून सुटायची सोय यंत्रांनी अशी केली आहे! मात्र एकाच इमारतीतले संगणक जोडणारी स्विच नावाची पेटी असते, ती त्या आकड्याला हात लावत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तक्रार बहुधा एकच: "नेट बंद आहे." वैद्याला "बरे वाटत नाही" सांगावे तसेच हे. मग नातू खालून वर चढतो. वीज आहे का, तार घट्ट बसली आहे का, दिवा लागतो का. नंतर पिंग. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली लिहिलेला हा छोटा प्रोग्राम दुसऱ्या संगणकाला साद घालतो आणि पडसाद किती वेळात आला ते सांगतो. आधी जवळच्या राउटरला साद, मग दूरच्याला. पडसाद जिथून येईनासा होतो, तिथे दोष शोधायचा. आम्हीही चरण म्हटल्यावर टाळकऱ्यांनी तो उचलला का ते पाहतो. नसेल उचलला, तर आवाज कुठवर पोचला ते आधी बघतो.

एका रात्री तो घरून काम करत होता, मी शेजारी बसलो होतो. तालुक्याच्या एका गावातल्या दवाखान्यातून फोन आला. रक्ताचे रिपोर्ट उघडेनात, पेशंट खोळंबलेला, बोलणारे गृहस्थ संतापलेले. ते थांबेपर्यंत हा गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, स्विचवरचे दिवे कसे दिसतात?"

"सगळे एकदम वेड्यासारखे लुकलुकताहेत."

"आज तिथे काही हलवले का?"

टेबल हलवले होते. नातवाने एकेक तार हाताने चाचपून तिची दोन्ही टोके पाहायला लावली. एका तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचलेली निघाली! निरोप त्या वेढ्यात फिरत राहिले, वाढत गेले आणि सारी वाट तुंबली. एक टोक काढले, थोड्या वेळात रिपोर्ट उघडले. तार कुणी लावली, हे नातवाने विचारले नाही. पलीकडून फोन ठेवला गेला, आभार राहूनच गेले. त्याने नोंद केली आणि पुढचा फोन घेतला.

जावयांना मी हे सारे सांगितले आहे. माउली, तुमच्या लेकीला असे स्थळ आले तर रात्रपाळीचे जरूर विचारा, संसार तिला करायचा आहे. पण "फोनच उचलतो" म्हणून परतवू नका. आणि घरचे नेट बंद पडून अशा कुणाला फोन कराल, तेव्हा ओरडण्याआधी पेटीवरचे दिवे बघून ठेवा. तो आधी तेच विचारणार.

रामकृष्णहरी.