गाणी भरून आण

आमच्या घरात पहिली काही वर्षं मोबाइलवर बोलणं कमी झालं आणि गाणीच जास्त ऐकली गेली. बोलायला पैसे पडत, गाणी फुकट वाजत. निरोप मिस्ड कॉलवर भागायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे डबा पाठवा, आणि तिसरी रिंग वाजली तर मात्र फोन उचलायचा, काहीतरी अडलंय.

ऊसपट्ट्यातलं तालुक्याचं गाव, २००९-१० चा काळ आणि लोडशेडिंग. कधीकधी बारा-बारा तास लाइट नसायची. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. त्याचं कात्रण फडताळाच्या दारावर आतून चिकटवलेलं असे आणि गिरणी, मिक्सर, पाण्याची मोटर, टीव्ही सगळं त्या कात्रणाच्या हुकमावर चाले. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा, पण त्याला मोठे सेल लागत. ते उतरायला लागले की गायकाचा आवाज जड होत होत खालीच बसायचा. अशा दिवसांत एकदा चार्ज केली की लाइटची वाट न बघता गात राहणारी, खिशात मावणारी वस्तू घरात आली. तिचं अप्रूप काय होतं, ते त्या अंधारात बसलेल्यांनाच ठाऊक.

आमच्याकडे आला तो नोकियाचा ५१३० एक्सप्रेस म्युझिक. तुमच्याकडे कदाचित ५३१० असेल, तो सडपातळ, किंवा सोनी एरिक्सनचा वॉकमन फोन. घरोघरी एक असायचाच. आमचा काळा, कडेने लाल पट्टीचा. त्या पट्टीवर गाणं मागे न्यायची, थांबवायची, पुढे न्यायची बटणं होती. फोन खिशात असतानाही अंगठ्याने चाचपून गाणं बदलता यायचं. दोन इंचांचा पडदा, एफएम रेडिओ, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. कॅमेऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उन्हात बरा, घरात अंधूक. पण गाण्यांच्या बाबतीत कुठे कसर नव्हती. खोक्यातच १ जीबीचं कार्ड मिळालं होतं. इक्वलायझर होता, त्यातला आवाज ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे लावायचा आणि पुढच्याने तो मोडायचा. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे साधं, गोल, ३.५ मिलिमीटरचं भोक. त्याआधीच्या कितीतरी फोनना त्यांचाच खास हँड्सफ्री लागे, तो बिघडला की गाणी बंद. ह्याला एसटी स्टँडबाहेर मिळणारा कुठलाही इयरफोन चाले. परवडणारा फोन म्हणजे नुसता घेताना परवडणारा नव्हे, पुढे चालवतानाही परवडणारा. हे त्या एका भोकाने आम्हाला कळलं.

घेतला तो धाकट्या काकाच्या कॉलेजसाठी. राहिला मात्र सगळ्या घराचा.

“बाजारात चाललास ना? गाणी भरून आण.” हे वाक्य आमच्या घरात भाजी आण, दूध आण ह्याच्या जोडीला बसलं. गाणी भरून देणारं दुकान तेच, जिथे पूर्वी कॅसेट भरून मिळायची. तेव्हा वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि आठवड्याने साठ मिनिटांची कॅसेट घ्यायला जायचं. आता दुकानदाराने टेपचे डेक माळ्यावर टाकले होते आणि कॉम्प्युटर मांडला होता. बाहेर पाटी, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. नखाएवढं कार्ड काढायचं, तो ते कार्ड रीडरमध्ये सरकवायचा आणि विचारायचा, “मराठी किती, हिंदी किती, भक्तिगीतं टाकू का?” हिशेब सोपा होता. साध्या प्रतीच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी, गाणं चार-पाच एमबीचं, म्हणजे १ जीबीत दोनशेच्या आसपास गाणी. त्या गाण्यांचे पैसे गाणाऱ्यापर्यंत पोचत नव्हते, हेही इथे लिहायला हवं. तो विचार तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या मनात आला नाही.

दोनशे गाणी, आणि घरात आठ माणसं. मग वाटण्या झाल्या. कार्डात प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर. आजीचा, आईचा, मोठ्या काकांचा, आत्याचा, आणि शेवटी ‘नवीन’ नावाचा, तो आम्हा पोरांचा. आजीकडे भीमसेन जोशींचे अभंग आणि प्रल्हाद शिंदे. आईकडे सुमन कल्याणपूर, अरुण दाते. काकांकडे सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, त्या आजी झोपल्यावर लागत, आणि आजी झोपलेली नसे. आत्याकडे संदीप खरे आणि सलील कुलकर्णी. आमच्या फोल्डरात अजय-अतुल, आधी ‘जोगवा’, मग १ जानेवारी २०१० ला ‘नटरंग’ आला आणि त्याची गाणी इतर सगळ्यांच्या फोल्डरांतही शिरली. नटरंगवर घरात एकमत होतं. बाकी कशावर नव्हतं.

आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, मात्र एकच मागणी केली, गीतरामायण, सगळं. गदिमा आणि बाबूजींची ती छप्पन्न गाणी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर आठवड्याला एक अशी लागत. आप्पा तेव्हा शाळकरी. गावात रेडिओ एकच, पाटलांच्या सोप्यात, आणि ऐकायला ओटाभर माणसं. वर्षभर वाट बघून ऐकलेलं ते सगळं आता नखाएवढ्या कार्डात भरलं आणि वर जागाही उरली. आप्पांनी कार्ड तळहातावर घेऊन चष्मा वर करून पाहिलं. “सगळी? छप्पन्नच्या छप्पन्न?” असं दोनदा विचारलं. मग रोज एकच गाणं ऐकायचा नेम धरला. पुढचं लावू का म्हटलं तर म्हणत, “उद्या.”

नवीन गाणी आणायचा दुसरा रस्ता ब्लूटूथचा. त्याआधी इन्फ्रारेड होतं. दोन फोन डोक्याला डोकं लावून ठेवायचे आणि ते हलू नयेत म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायचा. ब्लूटूथ आल्यावर कट्ट्यावर बसल्याबसल्या गाणं यायचं, तेही सावकाश, टक्के मोजत. लग्नाच्या मांडवात, कॉलेजच्या गाडीत, वारीच्या मुक्कामाला, कुठेही ओळख काढायची ती अशी, “तुमच्याकडे ते गाणं आहे का? पाठवा की.” कितीतरी सोयरिका नंतर जुळल्या असतील, ओळखी आधी इथे जुळल्या.

आवाज मोठा करायची आमची युक्ती तुम्हालाही आठवत असेल. फोन स्टीलच्या पेल्यात उभा ठेवायचा. पेल्यात आवाज खणखणीत, पितळी तांब्यात घुमणारा, मातीच्या कुंडीत सर्वांत गोड. गणपतीत आरतीला फोन पेल्यात बसायचा, शेजारी निरांजन, आणि टाळ्यांचा वेग वाढला की फोन मागे पडायचा. शेजाऱ्यांकडे चायना मोबाइल होता, त्याला पेल्याची गरज नव्हती. पाठीवर इतके स्पीकर की गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. आयएमईआय नंबर नसलेल्या अशा फोनांची सेवा ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीनंतर देशभर बंद करण्यात आली. शेजाऱ्यांच्या फोनवरचं बोलणं थांबलं, गाणी चालूच राहिली. तो पुढे गोठ्यात टांगला गेला, धारा काढताना ऐकायला.

रात्रीची लाइट शेतीला यायची. काका दारं धरायला जायचे तेव्हा बॅटरी, खोरं आणि फोन. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या खिशात. उसात एकट्याने पाणी पाजताना अंधाराची भीती नव्हती, सापाची होती. गाणं लावलं की माणूस आहे असं वाटे, इतकंच. आजूबाजूच्या शिवारातूनही बारीक आवाज येत. कुणाच्या रानात कुठलं गाणं चाललंय त्यावरून कोण पाण्यावर आलंय ते कळे.

रेडिओची मजा निराळी. एफएम लावायचं तर इयरफोन जोडावाच लागे, कारण त्याची वायर हीच एरियल. मग ऐकायचं नसलं तरी वायर लोंबकळत ठेवायची आणि स्पीकर चालू करायचा. कोल्हापूरचं स्टेशन धरण्यासाठी वायर खिडकीच्या गजाला गुंडाळलेली असे. मीडियम वेव्ह मात्र त्यावर लागत नसे, म्हणून बाजारभाव आणि बातम्यांसाठी आप्पांचा ट्रान्झिस्टर कोनाड्यात कायम राहिला.

आणि जपणं! फोन पडला की तीन तुकडे व्हायचे, पाठ, बॅटरी, फोन. सगळे तीन दिशांना. गोळा करायचे, बसवायचे, बटण दाबायचं, पडद्यावर नोकियाचे ते दोन हात एकमेकांच्या हातात आले की घरभर सुटकेचा श्वास. बॅटरी बीएल-५सी. ती टेबलावर ठेवून गिरकी द्यायची. फिरली म्हणजे फुगली, बदलायला झाली. ही बॅटरी इतक्या फोनना चाले की एकाची उतरली तर दुसऱ्याची उसनी घेता येई, विरजणासारखी. सिमचे पितळी ठिपके काळे पडले की खोडरबरने पुसायचे. इयरफोनचा एक कान गेला की वायर ठरावीक कोनात धरून वर चिकटपट्टी. फोन भिजला तर तांदळाच्या डब्यात, आणि भात त्या दिवशी दुसऱ्या डब्यातला. आकड्यांच्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली, पाच नंबरचं बटण गुळगुळीत झालं, तरी कुणाचं काही अडलं नाही. शेवटी बाजारातून नवी बॉडी आणून घातली. आत्मा तोच राहिला, असं आजी म्हणाली.

त्याच फोनमध्ये आवाज टिपायची सोय होती. एका दुपारी लाइट नव्हती, आत्याने सहज बटण दाबलं आणि आजीला म्हणाली, “म्हण की जात्यावरचं.” आजी आधी लाजली, मग म्हणत राहिली. मागे पाखडण्याचा आवाज आहे, मध्येच कोंबडी हाकलल्याचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. तसं आमच्या उंबऱ्याशी कोणी पोचलं नव्हतं. आमच्याकडे तो फोन होता. घरात टेपरेकॉर्डर तीस वर्षं होता, त्यावर आजीचा आवाज कधी भरला नाही. कोरी कॅसेट विकत आणावी लागे, आणि ती सिनेमाच्या गाण्यांसाठी असे. कार्डावर जागा उरली होती, म्हणून आजी राहिली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नोकियाचा चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला २००६ पासून चाललेला मोठा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गाणी भरून आण म्हणायचं कारण उरलं नाही. २०१७ मध्ये पाच हजार गाण्यांचा कारवां रेडिओ निघाला, तेव्हा आईबाबांच्या पिढीने तो हौसेने घेतला. २०२० मध्ये ५३१० पुन्हा नव्याने बाजारात आला, ३,३९९ रुपयांना, कडेच्या बटणांसह. मी तो दुकानात हातात घेऊन पाहिला. चांगला आहे. पण आता प्रत्येकाच्या कानात आपापलं गाणं असतं, आणि आईचं आवडतं गाणं कोणतं हे तिच्या नातवंडांना विचारावं लागतं. एका कार्डात आठ माणसं बसवताना आम्हाला एकमेकांची गाणी पाठ झाली होती. ते दिवस अडचणीचे होते, तरी ह्या एका बाबतीत बरे होते, असं मला वाटतं.

तेव्हा एक काम करा. तुमच्याही खणात, शिवणाच्या डब्यात, जुन्या पाकिटात असं एखादं कार्ड पडलेलं असेल. अशी कार्डं वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिली की त्यांतलं साठवलेलं हळूहळू उडून जाऊ शकतं. साधा कार्ड रीडर आणा, कार्ड कॉम्प्युटरला लावा आणि गाण्यांच्या आधी आवाजाच्या फाइली शोधा. त्या एएमआर प्रकारच्या असतात, नेहमीच्या प्लेअरवर वाजल्या नाहीत तर व्हीएलसीवर वाजतात. दोन ठिकाणी उतरवून ठेवा. गाणी पुन्हा कुठेही मिळतील. आजीचा आवाज तेवढ्या एका कार्डावरच असेल.