मेनू म्हणजे आधी यादी

वेबसाइटचा मेनू करायला घेतला की सीएसएसची फाइल मी लगेच उघडत नाही. आधी एचटीएमएलमध्ये साधी यादी लिहिते: नॅव्ह, त्यात यूएल, प्रत्येक नोंदीसाठी एलआय आणि त्यात लिंक. ब्राउझरमध्ये ती एकाखाली एक, ठिपके लागलेली दिसते. तशीच वाचून बघते. या अवस्थेत जो मेनू कळत नाही, तो नंतर कितीही सजवला तरी कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एका ग्रंथालयाच्या मराठी वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं तेव्हा यादी अशी होती: मुखपृष्ठ, ग्रंथसूची, उपक्रम, सभासदत्व, संपर्क. ‘उपक्रम’च्या पोटात व्याख्यानमाला, बालविभाग आणि दिवाळी अंक योजना. आधीच्या सीएसएसमध्ये ‘नॅव्ह यूएल’ असा सिलेक्टर लिहून डिस्प्ले फ्लेक्स दिलेलं होतं. दोन नावांमध्ये नुसती मोकळी जागा असली की नॅव्हच्या आतला कुठल्याही पातळीवरचा यूएल त्यात सापडतो. त्यामुळे पोटमेनूही आडवा पसरून शेजारच्या नोंदींवर चढत होता. मधे ‘मोठे’चं चिन्ह घातलं, की नियम फक्त थेट अपत्याला लागतो. तेवढ्यानं आतली यादी पुन्हा उभी झाली. हे चिन्ह १९९८च्या सीएसएस २ पासून आहे, पण इंटरनेट एक्स्प्लोररला ते २००६मध्ये, सातव्या आवृत्तीत कळायला लागलं. तोवर लोक प्रत्येक पातळीला वेगळा क्लास देत बसायचे. जुन्या फाइलींमध्ये त्या क्लासांची गर्दी अजून दिसते.

नोंदी एका ओळीत आणायला फ्लेक्सच्या आधी इनलाइन-ब्लॉक वापरत. त्यात दोन नोंदींमध्ये एक बारीक फट राहायची. मार्जिन शून्य केलं तरी ती जायची नाही, कारण ती एचटीएमएलमध्ये दोन एलआयच्या मधे मारलेल्या एंटरची असायची. ब्राउझर तो एंटर शब्दांमधल्या स्पेससारखा धरतो. मग कोणी यूएलचा फॉन्ट शून्य करून लिंकना परत आकार द्यायचं, कोणी सगळे एलआय एकमेकांना चिकटवून लिहायचं. फ्लेक्समध्ये ही मधली स्पेस मोजलीच जात नाही, आणि हवं तेवढं अंतर ‘गॅप’नं देता येतं.

खरा वेळ गेला तो देवनागरीवर. थीम इंग्रजीसाठी बनवलेली होती: मेनूच्या अक्षरांत लेटर-स्पेसिंग, पट्टीला ठरावीक उंची आणि बाहेर जाईल ते ओव्हरफ्लो हिडननं कापलेलं. इंग्रजीत हे छान दिसतं. मराठीत ‘मुखपृष्ठ’ची शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटली आणि खालचे उकार, ऋकार कापले गेले. आपली लिपी शिरोरेषेनं बांधलेली आहे; तिचे तुकडे करणं मला सहन होत नाही. म्हणून लँग नावाचा सिलेक्टर वापरला. पानावर भाषा मराठी अशी नोंदवलेली असली, की त्याच्या कंसात ‘एमआर’ लिहून फक्त मराठी मजकुरासाठी नियम देता येतात. तिथे लेटर-स्पेसिंग शून्य केलं आणि लाइन-हाइट वाढवली. पट्टीची ठरावीक उंची आणि ती कापाकापी मात्र मुळातूनच काढून टाकली. इंग्रजी पानांवरची अक्षरं होती तशीच मोकळी राहिली.

पोटमेनू लपवायला डिस्प्ले नन दिलं, की त्यातल्या लिंकपर्यंत कीबोर्डही पोचत नाही. म्हणून तो उघडण्याच्या नियमात होव्हरच्या जोडीला फोकस-विदिनही लिहिलं. टॅब दाबत ‘उपक्रम’वर आलं की आतली यादी उघडते, आणि पुढचा टॅब ‘व्याख्यानमाला’वर जातो. मोबाइलवर मात्र होव्हरचा भरवसा नाही. तिथे ‘उपक्रम’शेजारी खरं बटण ठेवलं, बोटाला सहज सापडेल एवढं मोठं.