वाकडे अंगण

"नाचता येईना अंगण वाकडे" ही म्हण मी नोकरीच्या पस्तीस वर्षांत किती वेळा वापरली असेल, त्याची गणती नाही. पेन चालत नाही म्हणणाऱ्याला, पेपर अवघड होता म्हणणाऱ्याला, सगळ्यांना एकच औषध. एकदा मात्र ती चुकीच्या जागी वापरली गेली, आणि ते कळायला मला सुमारे चाळीस वर्षे लागली. तेही अमेरिकेत, एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये!

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे कोलोरॅडोला होतो. सकाळी मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. मी आपला फाटकाशी उभा. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले. त्यांचे गॅरेज दिवसभर उघडे असायचे आणि आतून "खट्... खट्" असा आवाज यायचा. चौथ्या दिवशी न राहवून विचारले, काय करता?

"काडतुसं भरतो," ते म्हणाले.

आमच्या हिला हे सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. पण मला त्या विषयाची अगदीच ओळख नव्हती असे नाही. शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवायचो, आणि एन.सी.सी. माझ्याकडे होती. वर्षातून एकदा मुलांना घेऊन रेंजवर जायचे, पॉइंट टू-टू रायफल, प्रत्येकी पाच गोळ्या. 'ग्रुपिंग' हा शब्द मला तेव्हापासूनचा माहीत. गोळ्या कागदावर कुठे लागल्या ते नंतर बघायचे, आधी त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते बघायचे. एका जागी लागत असतील तर साइट फिरवून त्या मध्यावर आणता येतात. विखुरलेल्या असतील तर साइट फिरवून काही उपयोग नाही.

हे गृहस्थ तेच करत होते, पण फार खोलात जाऊन. गोळी सुटल्यावर जी रिकामी पितळी पुंगळी उरते ती ते फेकत नाहीत. बार उडाला की ती फुगते, म्हणून साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात. खटखट आवाज त्या दाबयंत्राचा. मग बुडाला नवी टिकली (तिला ते प्रायमर म्हणतात), आत मोजून दारू, आणि तोंडावर नवी गोळी ठराविक खोलीवर बसवायची. दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात. एका पौंडाचे ७००० ग्रेन. आपल्या सोनाराची एक गुंज भरेल दोन ग्रेनला थोडी कमी. आणि हे गृहस्थ ग्रेनचाही दहावा भाग मोजत होते, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम! टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. पुस्तकात दिलेल्या किमान मापापासून सुरुवात करायची, कमाल मापाच्या पुढे कधी जायचे नाही. "पुढे गेलेल्यांच्या बंदुका फुटलेल्या मी पाहिल्यात," ते म्हणाले.

एवढा खटाटोप कशासाठी? तर प्रत्येक रायफलची एक आवड असते म्हणे. एकाच कारखान्यातल्या दोन रायफली, पण एकीला एक काडतूस मानवते, दुसरीला दुसरे. ते शोधून काढायचे, हा त्यांचा छंद.

शनिवारी त्यांनी मला रेंजवर नेले. पाहुण्या व्हिसावर गेलेल्या माणसाने बंदूक हाताळणे तिथल्या कायद्यात बसत नाही (शिकारीचा परवाना वगैरे असेल तर गोष्ट वेगळी), तेव्हा माझे काम फक्त वही-पेन्सिलीचे. कानाला मफ लावून मी मास्तरासारखा मार्कांचा तक्ता आखून बसलो.

त्यांनी पाच प्रकारची काडतुसे आणली होती. सगळे सारखे, फक्त दारूचे माप वेगळे. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही," ते म्हणाले. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली, म्हणजे माणसाच्या हाताचा थरथराट शक्य तेवढा बाजूला. शंभर यार्डांवर कागद. प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या, आणि मध्ये नळी गार व्हायला वेळ. मग कागद आणून सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, मोजायचे.

दुसऱ्या मापाची तिन्ही भोके एकमेकांना चिकटलेली. अर्धा इंचसुद्धा नाही! चौथ्या मापाची मात्र सव्वा इंच पसरलेली. मी वहीत दुसऱ्यासमोर मोठी बरोबरची खूण केली, चौथ्यावर काट मारली आणि म्हणालो, "सापडलं!"

ते हसले. पुढच्या शनिवारी त्यांनी तीच दोन मापे पुन्हा आणली, पण दहा-दहा गोळ्या. माझ्या लाडक्या दुसऱ्या मापाच्या दहा गोळ्या १.३ इंचांत. मी नापास केलेल्या चौथ्याच्या १.४ इंचांत. फरक जवळजवळ नाहीच!

"मग मागच्या शनिवारचं काय?" मी विचारले.

"तो कागद पाकिटात ठेवायचा आणि मित्रांना दाखवायचा," ते म्हणाले. "इथे बरेच जण तेच करतात. वीस वेळा तीन-तीन गोळ्या मारल्या, तर एखादा कागद तसा येणारच. वाईट कागदाला वारा होता म्हणायचं, चांगल्याला माझी रायफल म्हणायचं."

रात्री मुलाला सांगितले. तो आकडेमोडीतला माणूस. त्याने कागदावर हिशोब करून दाखवला. रायफल तीच, काडतूस तेच, नेमबाज तोच असला तरी पाच गोळ्यांचा पसारा सरासरीने तीन गोळ्यांच्या सव्वापटीहून थोडा जास्त येतो, आणि दहा गोळ्यांचा दीडपटीहून जास्त. रायफल बिघडत नाही, आपल्याला ती जास्त कळते इतकेच. आणि तीनच गोळ्यांचा पसारा नुसत्या योगायोगाने कधी निम्मा, कधी दीडपट येऊ शकतो. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलावे, यावर १९०८ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिणारा गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस कंपनीत, म्हणजे बीअरच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने तो टोपणनावाने छापला. टोपणनाव काय, तर 'स्टुडंट'. विद्यार्थी! हे ऐकून मी हसलो खरा, पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण मला एक विद्यार्थी आठवत होता.

१९८४ ची गोष्ट. शिबिरात नेमबाजीच्या स्पर्धेसाठी आमच्या शाळेतून एक मुलगा निवडायचा होता. दोघे उरले होते. दोघांना पाच-पाच गोळ्या. एकाचे ग्रुपिंग मुठीत मावेल एवढे, दुसऱ्याचे कागदभर. दुसरा मुलगा नववीतला. वाडीवरून रोज चालत शाळेत येणारा, परेडला एकदाही गैरहजर नसलेला. तो उठला, बूट जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, त्याच्या रायफलनं एकदा मारून बघू का?"

त्या दोघांच्या रायफली वेगळ्या होत्या हे मला दिसत होते. पण उन्ह चढले होते, बटालियनचे उस्ताद घाई करत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडे!" सगळी पोरे हसली. तोही हसला. दिवाळीनंतर त्याने एन.सी.सी. सोडली. मी कारणही विचारले नाही.

वाळूची पिशवी नाही, रायफलींची अदलाबदल नाही, पाच गोळ्या आणि निकाल. वर्गात तरी वेगळे काय केले? पहिल्या घटक चाचणीचे वीस मार्क बघून मुलगा हुशार की ढ हे आम्ही मनाशी ठरवायचो, आणि पुढे वर्षभर तेच खरे असल्याचे पुरावे गोळा करायचो. चांगला कागद पाकिटात, वाईट कागद मुलाच्या कपाळावर.

परत आल्यावर माजी विद्यार्थ्यांकडून त्याचा नंबर मिळवला. तालुक्याला त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. आवाज ओळखून म्हणाला, "सर! तब्येत बरी आहे ना?" इकडचे तिकडचे झाल्यावर विचारले, शिबिरातले फायरिंग आठवते का? तो थोडा थांबला.

"तीन नंबरची रायफल, सर."

नंबरसुद्धा लक्षात होता!

मी म्हणालो, "तुला दुसरी रायफल द्यायला हवी होती रे. माझं चुकलं."

"तसं काही नाही सर. खरं सांगू का, माझापण हात हलत होता त्या दिवशी. पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर मारत होतो." मग हसून म्हणाला, "पण ती तीन नंबरची कुणाचंच ऐकायची नाही, असं पोरं म्हणायची."

तेव्हा दोष रायफलचा होता, काडतुसांचा होता, त्याच्या हाताचा होता की नुसत्या योगायोगाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणखी पाच गोळ्या आणि शेजारची रायफल, एवढ्यात कदाचित कळले असते. दहा मिनिटांचे काम होते. नाचणाऱ्याला हसण्याआधी अंगण मोजून बघणे हे मास्तराचे काम, ते मी केले नाही.

निघताना शेजाऱ्यांनी तो दहा भोकांचा कागद मला भेट दिला. 'नापास' झालेल्या चौथ्या मापाचा. माझ्या डायरीत घडी करून ठेवला आहे. परवा हिने विचारले, हे चाळणीसारखे काय जपून ठेवलेत? म्हटले, असू दे. मार्कशीट आहे माझी.