चेहऱ्याचा पुरावा

समोर उभ्या ठाकलेल्या शत्रूशीं लढण्यास धैर्य लागतें. परंतु शत्रु दिसत नसतांना आपल्याच माणसांशीं न्यायानें वागणें हें त्याहून अवघड आहे. न दिसणाऱ्या शत्रूला मन कोणाचा तरी चेहरा देऊं पाहतें, आणि तो चेहरा पुष्कळदां शेजारीं बसलेल्या माणसाचा निघतो. हा विचार आमच्या मनांत फार दिवस घोळत होता. त्याला स्पष्ट आकार मिळाला तो मात्र अगदीं अनपेक्षित ठिकाणीं.

आमच्या वयाच्या माणसानें अंतराळयानांच्या गोष्टी पाहाव्या याचें कोणास नवल वाटेल. घरांतील तरुण मंडळींच्या आग्रहास्तव आम्हीं 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा एक जुना भाग पाहिला. तो पॉल श्नायडर यांनीं लिहिला असून १५ डिसेंबर १९६६ रोजीं प्रथम दाखविला गेला. त्याच्या नांवाचा अर्थ 'दहशतीचा समतोल' असा आहे. अण्वस्त्रें जवळ बाळगून दोन महासत्ता एकमेकींवर डोळे रोखून बसल्या होत्या त्या काळचा हा शब्दप्रयोग. दुसऱ्या महायुद्धांतील एक विनाशिका व एक पाणबुडी यांच्या झुंजीवरील 'द एनिमी बिलो' हा १९५७ चा चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस या भागाचा सांगाडा ओळखीचा वाटेल.

एंटरप्राइज या यानावर एका तरुण जोडप्याचा विवाह लागत असतो. इतक्यांत सरहद्दीवरील ठाण्यांवर हल्ला झाल्याची वार्ता येते, आणि विवाह अर्ध्यावर थांबतो. हल्लेखोर आहेत रोम्युलन. शंभर वर्षांपूर्वीं त्यांच्याशीं मोठें युद्ध होऊन तह झाला; परंतु या साऱ्या काळांत दोन्हीं पक्षांनीं एकमेकांचें तोंड पाहिलेलें नाहीं. त्यांतच त्यांचें नवें यान अदृश्य होऊं शकतें. शत्रु असा दुहेरी पडद्याआड असतांना स्टाइल्स नांवाचा तरुण अधिकारी म्हणतो कीं, आपल्या यानावरही त्यांचे हेर असूं शकतील. त्या युद्धांत त्याच्या घराण्यांतील कित्येकजण मारले गेले होते. आणि तें वैर त्यानें वडिलोपार्जित इस्टेटीसारखें जपलें आहे.

पुढें शत्रूच्या यानाच्या अंतर्भागाचें दृश्य पडद्यावर पकडण्यांत यश येतें, आणि रोम्युलन सेनापतीचा चेहरा दिसतो. तेच टोकदार कान, त्याच वर चढलेल्या भिवया! कर्क या कप्तानाचा विश्वासू सहकारी स्पॉक हा व्हल्कन वंशाचा. त्याच्या चेहऱ्याशीं तो हुबेहूब जुळतो. कोणी कांहीं बोलत नाहीं. स्टाइल्स फक्त मान वळवून स्पॉककडे पाहतो. त्या एका दृष्टिक्षेपांत खटला उभा राहतो, साक्ष होते आणि निकालही लागतो.

येथें आम्हांस आमचीच एक जुनी हकीकत आठवली. तरुणपणीं आम्ही एका खाजगी पेढींत हिशेबनीस होतों. एका कंत्राटासाठीं भरलेले आमच्या पेढीचे दर प्रतिस्पर्ध्याच्या कानीं गेले. त्या प्रतिस्पर्ध्याचें आडनांव आणि आमचें आडनांव एकच, गांवही कोंकणांतील एकच. नातें मात्र कांहींही नव्हतें. आम्हांस तोंडावर कोणी कांहीं म्हटलें नाहीं. आम्ही खोलींत शिरलों कीं बोलणें थांबे, एवढेंच. जो आरोप केलाच जात नाहीं त्याला उत्तर तरी काय द्यावें? तिसऱ्या दिवशीं आमच्या वरिष्ठांनीं सर्वांस बोलावलें आणि म्हटलें, "यांच्याविषयीं ज्याला कांहीं म्हणायचें असेल, त्यानें तें आतां माझ्यासमोर म्हणावें." कोणी बोललें नाहीं. दर बाहेर कसे गेले हें पुढेंही कधीं कळलें नाहीं. पण त्या दिवसापासून आम्ही खोलींत शिरलों तरी बोलणें चालूं राहूं लागलें.

कर्कही हेंच करतो. शत्रूचा सांकेतिक संदेश उलगडण्याची गोष्ट निघते तेव्हां स्टाइल्स तोंडांतल्या तोंडांत स्पॉकचें नांव पुटपुटतो. कर्क तें ऐकल्या न ऐकल्यासारखें करीत नाहीं. तो त्याला तें मोठ्यानें पुन्हां म्हणावयास लावतो, आणि मग असला द्वेष आपल्या खोलींत ठेवून ये, येथें त्याला जागा नाहीं, अशा अर्थाची सक्त ताकीद देतो. कुजबुज उजेडांत आणली कीं तिचें अर्धें बळ जातें.

या भागांतील आणखी एक योगायोग विलक्षण आहे. यानावर हेर असतील या शंकेस प्रथम दुजोरा देतो तो सुलू, आणि ती भूमिका केली आहे जॉर्ज ताकेई यांनीं. १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांस घरांतून उठवून छावण्यांत कोंडलें. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, आणि पांच वर्षांचे ताकेई त्यांच्यांतच होते. चेहरा हाच पुरावा मानला गेला होता! सरकारनें याबद्दल क्षमा मागितली ती १९८८ सालीं.

शत्रूच्या यानावरही हीच कथा उलट बाजूनें चालली आहे. तेथील सेनापति युद्धाला विटलेला आहे. आपण विजयी होऊन परतलों तर नवें युद्ध पेटेल हें तो जाणतो. एका जुन्या वृद्ध सहकाऱ्यापाशींच तो मन मोकळें करतो, कारण भोंवतालच्या तरुण अधिकाऱ्यांत वरिष्ठांच्या कानाशीं लागणारा एकजण आहे. पुढें त्या मित्राचा देहही पाठलाग करणाऱ्यांस चकविण्यासाठीं मोडक्या सामानाबरोबर बाहेर टाकावा लागतो. शेवटीं पराभूत सेनापति कर्कला म्हणतो कीं, दुसऱ्या परिस्थितींत आपण मित्र झालों असतों. आणि यान स्वतःच्या हातानें उडवून देतो. ही भूमिका करणारे मार्क लेनार्ड यांनींच पुढें १९६७ सालीं याच मालिकेंत स्पॉकच्या पित्याचें काम केलें.

शेवटच्या झुंजींत स्टाइल्स व तो नवरदेव तोफांच्या खोलींत असतात. मदत विचारावयास आलेल्या स्पॉकला स्टाइल्स तुच्छतेनें परत पाठवितो. थोड्याच वेळांत विषारी वायु सुटतो. स्पॉक धांवत येतो, आधीं तोफ डागतो, मग स्टाइल्सला ओढून बाहेर काढतो. नवरदेव मात्र दगावतो. स्टाइल्स ओशाळतो, तेव्हां स्पॉक शांतपणें म्हणतो कीं, एक शिकलेला मार्गदर्शक कामावर परत यावा एवढ्यासाठींच आपण त्याला वांचविलें.

कथा येथें गोड होते, आणि नेमकें येथेंच आमचें मन अडखळलें. संशयितानें निर्दोष ठरण्यासाठीं प्राण धोक्यांत कां घालावे? त्या छावण्यांतील कित्येक तरुणांनींही अमेरिकेच्या सैन्यांत शिरून रक्त सांडलें. जे सांडूं शकले नाहींत, त्या म्हाताऱ्यांचें आणि मुलांचें काय? प्रत्येकाच्या वांट्यास असा पराक्रमाचा प्रसंग येत नाहीं. आमच्या वांट्यास तरी आला नव्हता.

म्हणून या कथेंतील खरा निवाडा आम्हीं त्या विषारी वायूच्या खोलींत शोधीत नाहीं. तो त्याआधींच होऊन गेला आहे. कर्कनें स्टाइल्सला खडसावलें तेव्हां स्पॉकच्या निष्ठेचा कोणताही नवा पुरावा त्याच्या हातीं नव्हता. अपराधाचाही पुरावा नव्हता. आणि तेवढें त्याला पुरेसें होतें.