टॅब कोरा करण्याआधी

जळोचीच्या मार्केट यार्डात माझ्या चुलतभावाचा भाजीपाल्याचा गाळा आहे. पहाटे आवक सुरू झाली की वजन, भाव, हमाली, तोलाई असे आकडे येऊन पडतात आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडेपर्यंत कुणाला मान वर करायला सवड नसते. दादा हे सगळं एका विंडोज टॅबमध्ये भरायचा. २०१४-१५ च्या सुमारास आयबॉल, मायक्रोमॅक्स, नोशन इंक अशा कंपन्यांनी इंटेलच्या ॲटम चिपवरचे स्वस्त विंडोज टॅब बाजारात आणले होते, त्याच पिढीतला हा. २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. अलीकडे मात्र हिशेबाची फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. एका दुकानदाराने तर बोर्ड गेल्याचं सांगून टॅब भंगारात काढायला सांगितलं.

दादा म्हणाला, ‘‘आरं, नवा घेऊ की. पण त्यात माझा हिशेब बसंल का?’’ प्रश्न रास्त होता. त्याचा हिशेबाचा प्रोग्राम जुना, फक्त विंडोजवर चालणारा. अँड्रॉइडचा टॅब काय कामाचा?

बोर्ड ठणठणीत होता. खरं दुखणं जागेचं होतं. ३२ जीबीत विंडोज, कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन आणि वर्षानुवर्षांचे अपडेट मावेनात, अपडेट अर्ध्यात अडकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. झाडलोट करून भागणार नव्हतं. सगळं पुसून पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकायची, असं ठरवलं.

सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ उघडलं तर तिथे लिहिलेलं : ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिट, प्रोसेसर ६४ बिट. या पिढीच्या टॅबची गोम इथेच आहे. चिप ६४ बिटची असली तरी मशीन सुरू करणारं यूईएफआय ३२ बिटचं, त्यामुळे ६४ बिट विंडोजचा पेनड्राइव्ह लावला तर टॅब त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुष्कळ टॅब ‘बोर्ड गेला’ म्हणून कपाटात पडलेत ते यामुळेच, असा माझा दाट संशय आहे. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालीच नाही. म्हणजे विंडोज १०, तीही ३२ बिट. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलमध्ये तसा पर्याय निवडून ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. टॅबवर २९ जुलै २०१५ पासून वर्षभर फुकट मिळालेली विंडोज १० आधीच घेतलेली होती, त्यामुळे लायसन्सची चिंता नव्हती. ते त्या हार्डवेअरशीच बांधलेलं असतं.

पण पेनड्राइव्हपेक्षा महत्त्वाचं काम वेगळंच होतं. टॅब रडतखडत का होईना चालू होता, तेवढ्यात त्याचे ड्रायव्हर काढून घ्यायचे. असल्या टॅबमध्ये टचस्क्रीनची चिप बहुधा सिलीड कंपनीची असते आणि तिला लागणारी फर्मवेअरची फाइल त्या-त्या मॉडेलच्या काचेसाठी वेगळी बनवलेली असते. दुसऱ्या मॉडेलची घातली तर बोट डावीकडे ठेवावं आणि टॅबने उजवीकडचं उघडावं, असा प्रकार होतो. कंपनीच्या साइटवरून असल्या फाइल कधीच गायब झालेल्या असतात. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजमधल्याच डीआयएसएम या साधनाची एकच ओळ चालवून सगळे ड्रायव्हर मेमरी कार्डावर उतरवले. दादाच्या हिशेबाच्या फाइली त्याच्या शेजारी ठेवल्या आणि कार्ड टॅबमधून काढून खिशात टाकलं.

आता अडचण वायरींची. टॅबला मायक्रो यूएसबीचं भोक एकच. चार्जिंग तिथूनच, पेनड्राइव्हही तिथेच. इन्स्टॉल होईपर्यंत चार्जर लावता येणार नाही, आणि बॅटरी तर म्हातारी. भिगवण चौकातून ओटीजी केबल आणि स्वतःचा ॲडाप्टर असलेला हब आणला, म्हणजे कीबोर्ड, माउस आणि पेनड्राइव्ह यांना टॅबची बॅटरी पोसावी लागणार नाही. पण मग घोडं लाईटवर अडतं. मध्येच लाईट गेली की हब मेला, हब मेला की पेनड्राइव्ह तुटला, आणि अर्धी विंडोज टॅबमध्ये. हब मुकाट इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावला. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, त्या बोर्डावर राउटर असतो, पोरांचं बघा काय ते.’’ पोरांनी तासभर कुरकुर केली.

टॅब बंद करून आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवत चालू केला (कंपनीगणिक हे बटण बदलतं), यादीतून यूएसबी निवडलं. पडद्यावर विंडोजचा सेटअप आला तो चक्क आडवा पडून, कारण आतली काच मुळात उभ्या टॅबची. टच बंद. मान वाकडी करून माउस हलवायचा, बाण भलतीकडे पळायचा. त्याच अवस्थेत जुनी पार्टिशनं एकेक करून काढून टाकली. रिकव्हरीचंही. २९ जीबीच्या आसपास मोकळी जागा दिसली, तिच्यावर नेक्स्ट. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढायला हवा, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो.

विंडोज आली तेव्हा वाय-फाय नाही, आवाज नाही, बोटाला दाद नाही. मेमरी कार्ड घातलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जिथे-जिथे पिवळी खूण होती तिथे कार्डावरचा फोल्डर दाखवत गेलो. टचचा ड्रायव्हर बसताक्षणी पडदा एकदा मिटला, उघडला, आणि स्टार्टवर टेकवलेलं बोट बरोबर स्टार्टवरच लागलं. इंटरनेट मिळाल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप झालं.

टॅब गाळ्यावर परत गेला. वेग काही नव्यासारखा नाही. २ जीबीत तो येणारही नाही. पण हिशेब भरला जातो, पट्टी निघते. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा बँकेचं काहीही यावर करायचं नाही, हे मी दादाला बजावलंय. ते तो फोनवर करतो.

तुमच्या कपाटात असा टॅब असेल आणि अजून चालू होत असेल, तर विंडोज कधी टाकायची ते सवडीने ठरवा. त्याचे ड्रायव्हर मात्र आजच कार्डावर काढून ठेवा.